गुलकंदची साखर

डाव्या मनगटाला ऊब लागली आणि हणमंतराव रांजण्यांना जाग आली. खिडकीबाहेर काहीच नव्हते. समोरचा डोंगर नाही, रस्ता नाही, अंगणातला फणसही नाही. कुंभळ गाव घाटमाथ्यावर असल्यामुळे थंडीतल्या सकाळी धुके असे दारापर्यंत येऊन बसत असे आणि उठायचे नाव घेत नसे.

"तीनशेच्या वर हाय," ते डोळे मिटूनच म्हणाले.

स्वयंपाकघरातून शालनने फोनकडे पाहिले. "तीनशे बारा."

साखर गुलकंदची होती. गुलकंद म्हणजे अकरा वर्षांचा तांबूस बोका. लहानपणी त्याच्या केसांत गुलाबी झाक होती म्हणून शालनने हे नाव ठेवले होते. आता शेजारीपाजारी म्हणत, नावच नडलं बिचाऱ्याला.

हणमंतराव उठले. बशीत उकडलेल्या कोंबडीचा चुरा वाढला. गुलकंद खाऊ लागला तशी त्यांनी इन्सुलिनची बाटली फ्रीजमधून काढली आणि दोन्ही तळव्यांमध्ये अलगद फिरवली. ती हलवायची नसते, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. बारीक सुईच्या सिरिंजमध्ये दोन युनिट भरले. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून तंबू केला आणि सुई आत गेली. गुलकंदने खाणे थांबवलेसुद्धा नाही.

सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसहा. चाळीस दिवसांत एकही वेळ चुकली नव्हती.

दिवाळीनंतर गुलकंद सारखा पाणी पिऊ लागला होता. अंगणातल्या बादलीवर तोंड घालून उभा राहायचा, तो हलायचाच नाही. खायचा भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. मग एक दिवस तो मागच्या पायांचे तळवे जमिनीला टेकवून, बसल्यासारखा चालताना दिसला. पायथ्याच्या तळवली गावातून डॉ. ऋजुता भोसेकर आठवड्यातून दोनदा आपली दवाखान्याची गाडी घेऊन वर येत असत. त्यांनी रक्त तपासले आणि सांगितले, मधुमेह आहे.

"मांजराला?" हणमंतराव हसले होते.

"माणसासारखाच, काका. फक्त मांजर सांगत नाही. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून मी तुम्हाला एक नवी वस्तू देणार आहे."

ती वस्तू दोन भागांत होती. बाजरीच्या दाण्याएवढा एक मणी डॉक्टरांनी गुलकंदच्या मानेच्या कातडीखाली बसवला. तो तिथल्या द्रवातली साखर सतत मोजत राही. त्याला त्या साखरमणी म्हणत. दुसरा भाग म्हणजे हणमंतरावांच्या मनगटावरचा राखाडी पट्टा. मण्याने मोजलेली साखर हा पट्टा आकड्यांत नाही, तर स्पर्शात सांगत असे. साखर चढली की ऊब, उतरली की गारवा. नाव होते जाणपट्टा.

"गजर वाजला तर माणूस तो बंद करून पुन्हा झोपतो," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "स्वतःच्या अंगाला काही झालं तर मात्र उठतो. पट्टा एकाच माणसाच्या अंगाशी जुळतो, त्यामुळे कोण घालणार ते आधी ठरवा. मण्यात बॅटरी नाही. पट्ट्यातून निघणाऱ्या मंद लहरींवर तो चालतो, म्हणून जमेल तेवढं त्याच्या जवळपास राहायचं."

"यांनाच द्या," शालन पटकन म्हणाली होती. "यांना बी कुणाचं तरी काही कळू द्या."

हणमंतरावांनी तीस वर्षे या घाटात बस चालवली होती. बोलायची सवय नव्हतीच, आणि घरी बसल्यापासून उरलेसुरले बोलणेही आटले होते. पण पट्टा घातल्यावर दोन-तीन आठवड्यांतच त्यांच्यात काहीतरी सैल झाले. दुपारी गुलकंद पश्चिमेच्या खिडकीत उन्हाच्या पट्ट्यात झोपायचा. इन्सुलिन आपले काम करत असायचे, साखर सावकाश उतरत असायची, आणि मनगटावरची ऊब दुधावरच्या सायीसारखी पातळ होत जायची. हणमंतराव खुर्ची ओढून शेजारी बसत. आपले बोट कुठे संपते आणि मांजराची लव कुठे सुरू होते, ते थोड्या वेळाने कळेनासे होई.

आयुष्यात दुपारी कधी न झोपलेला तो माणूस तिथे झोपू लागला. त्याला स्वप्नही पडे. बस धुक्यातून चालली आहे. रस्ता दिसत नाही, चाकांचा आवाज नाही, स्टिअरिंग पिसासारखे हलके. सगळे उतारू झोपलेले. मागे कुणीतरी तिकिटे फाडत पुढे पुढे येते आहे. टर्र, टर्र. हणमंतराव आरशात पाहत नाहीत.

गुलकंदचे पाय सुधारत होते. एक अडचण मात्र सुटेना. रोज दुपारनंतर साखर एकाएकी उसळायची. दीडशे-पावणेदोनशेवर शांत असलेली रेघ चार वाजून गेल्यावर ताठ उभी राही आणि साडेचारपर्यंत तीनशे ओलांडी. डॉक्टरांनी खाण्याच्या वेळा विचारल्या. कुणी चोरून दूध घालते का, तेही विचारले. शालनने शपथेवर नाही म्हटले. शेवटी डॉक्टरांनी सकाळचे इन्सुलिन दोनावरून तीन युनिटवर नेले.

तिसऱ्या दिवशी हणमंतराव पिठाच्या गिरणीत उभे असताना मनगटावर गारवा आला. आधी ओढ्यातल्या पाण्यासारखा, मग बर्फासारखा. बोटे बधिर झाली. दळण तिथेच टाकून ते धावत सुटले. सहासष्ट वर्षांचा माणूस भरदुपारी चढावर पळताना पाहून लोक दारात आले.

गुलकंद फरशीवर आडवा पडला होता. मान एका बाजूला खेचलेली, पुढचा एक पाय थरथरत होता. शालन अंगणात वाळवण करत होती. तिला काहीच कळले नव्हते. हणमंतरावांनी मधाची बाटली उघडली, बोट बुडवले आणि बोक्याच्या हिरड्यांवर चोळले. पुन्हा बुडवले, पुन्हा चोळले. घशात जाऊ द्यायचा नाही, फक्त हिरड्यांना, हे त्यांना आठवत होते. आता गारठा कोपरापर्यंत चढला होता.

"अठ्ठेचाळीस," शालन फोनकडे बघत म्हणाली. "आवं, अठ्ठेचाळीसच हाय."

"फोन लाव डॉक्टरना."

पंधरा मिनिटांनी बोटांत जीव आला. गुलकंदने डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली आणि मध चाटला. हणमंतराव फरशीवरच भिंतीला टेकून बसून राहिले. किती तरी वर्षांनी शालनने त्यांना रडताना पाहिले.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. मात्रा पुन्हा दोनवर आणली. "तीन युनिट दुपारी बाराला खूप होतात आणि चारच्या उसळीला पुरे पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "इन्सुलिनचा जोर ओसरला की साखर चढते, पण ती हळूहळू. ही उडी घेते. अशी उडी मांजर घाबरलं की घेते. चार वाजता इथं काय होतं, ते मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या येऊन बसल्या. गुलकंद खिडकीत झोपला होता. हणमंतराव खुर्चीत. शालनने चहा दिला. धुके नव्हते; खाली घाटाची वळणे उन्हात मोकळी पडली होती.

चार वाजून दहा मिनिटांनी खिंडीच्या वळणावर भोंगा वाजला. वर येणारी बस होती. आता तिच्यात चालक नसे. प्रत्येक वळणावर ती आपली आपणच भोंगा वाजवी, रोज त्याच सुरात, रोज त्याच सेकंदाला. गुलकंदचा कानही हलला नाही. पण डॉक्टरांच्या हातातल्या फोनवर रेघ उचलली गेली.

"भोंगा!" शालन म्हणाली. "भोंग्याला भितंय व्हय?"

डॉक्टर गुलकंदकडे बघत राहिल्या. तो गाढ झोपला होता. "काका, उद्या चारच्या आधी पट्टा काढून इथं टेबलावर ठेवा. नुसत्या पट्ट्याच्या लहरींवरही मणी चालतो. मोजत राहील."

दुसऱ्या दिवशी पट्टा टेबलावर होता. भोंगा वाजला. रेघ सरळ राहिली. तिसऱ्या दिवशी पट्टा मनगटावर, रेघ उसळली. चौथ्या दिवशी पुन्हा टेबलावर, सरळ. पाचव्या दिवशी डॉक्टर आल्या आणि सगळ्या दिवसांच्या रेघा पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या.

"पट्ट्यातून लहरी निघतात आणि मण्याला चालवतात, हे मी सांगितलं होतं," त्या अखेर म्हणाल्या. "पट्टा बसतो मनगटाच्या नाडीवर. नाडी उडाली की लहरीही उडत असणार, आणि मण्याला ते जाणवत असणार. अगदी बारीक, पण आतून. त्याचं तुम्हाला कळावं म्हणून आम्ही हे बनवलं. तुमचं त्याला कळेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं." त्या थांबल्या. "काका, तो भोंगा वाजतो तेव्हा तुम्हाला काय होतं?"

"काय न्हाई."

"रोज सव्वाचारला यांचा चहा गार होतो," शालन म्हणाली. ती दारात उभी होती. "नऊ वर्षं झाली. मी पुन्हा गरम करून देते. त्यांनी कधी इचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई."

हणमंतराव उठून बाहेर जातील असे तिला वाटले. ते उठले नाहीत. गुलकंदच्या पाठीवर हात ठेवून बोलू लागले.

"जालिंदर शेवते माझा कंडक्टर. बावीस वर्षं एका गाडीवर होतो. पाऊस होता त्या दिवशी. हीच वर येणारी चारची फेरी, खिंडीच्या वळणावर रस्त्यात धोंडा पडलेला. मी म्हटलं, जाल्या, उतर, तेवढा बाजूला कर. तो उतरला. आणि वरनं दरडच आली." त्यांनी श्वास घेतला. "अकरा उतारू होते, एकालाबी खरचटलं न्हाई. लोकांनी माझा सत्कार केला. नारळ दिला, शाल दिली. मी उतर म्हटलं होतं, हे कुणालाच ठावं न्हाई. त्याच्या बायकोला, सिंधूवहिनींना बी न्हाई."

फोनवरची रेघ चढत होती. डॉक्टरांनी फोन पालथा घातला.

"पट्टा काढून टाकू या," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "जुन्या पद्धतीनं कानाला टोचून साखर बघता येते. त्या दिवशीसारखी एकदम उतरली तर लगेच कळणार नाही, एवढंच. पण ही उसळी थांबेल."

"थांबेल?" हणमंतरावांनी विचारले. "आजारी पडला तवा कुठं पट्टा हुता? तवाबी तो रोज चारला हितंच, माझ्यापाशी निजायचा. तवा त्याला कळत नसंल?"

डॉक्टरांनी पट्ट्याकडे नेलेला हात मागे घेतला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी गुलकंदला इन्सुलिन दिल्यावर त्यांनी पट्टा काढून शालनच्या हातात ठेवला. "हा त्याच्यापाशीच ठेव आणि फोनवर बघत राहा. साठच्या खाली आलं तर मध. मी तळवलीला जाऊन येतो."

थांब्यावर बस आली. दार आपोआप उघडले. चालकाच्या जागी काचेची भिंत होती आणि तिच्यामागे कुणी नव्हते. हणमंतराव सवयीने पुढच्या बाकावर बसले. बस निघाली. आज धुके इतके दाट होते, की बस जागच्या जागी उभी आहे आणि डोंगरच हळूहळू वर सरकत आहे असे वाटावे. खिंडीच्या वळणावर त्यांनी कडेच्या लोखंडी गजाला घट्ट धरले. भोंगा वाजला. आत बसून ऐकताना तो अगदी लहान वाटला, कुणीतरी घसा साफ केल्यासारखा.

सिंधूवहिनींचे घर बाजाराच्या मागे होते. ओट्यावर रोपांच्या पिशव्या मांडलेल्या. त्या रोपवाटिका चालवत. त्यांनी मातीचे हात पदराला पुसले, हणमंतरावांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "या."

त्यांनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. बसले तर सांगवणार नाही असे त्यांना वाटत होते. धोंडा, पाऊस, उतर म्हटलेले. सांगून झाल्यावर ते ओट्याखाली बघत राहिले.

सिंधूवहिनींनी एक रोप उचलले, त्याची पिशवी नीट केली, पुन्हा खाली ठेवले.

"तुम्ही उतर म्हणालात म्हणून उतरले व्हय ते?" त्या म्हणाल्या. "भावजी, बावीस वर्षं तुम्ही त्यांच्यासंगं होता, एकोणीस वर्षं मी. कुणी सांगितलेलं त्यांनी एकदा तरी ऐकलं होतं का? उतर म्हणायच्या आधीच एक पाय पायरीवर असंल त्यांचा."

हणमंतरावांनी वर पाहिले. होता. एक पाय पायरीवर होता. गेल्या नऊ वर्षांत हे त्यांना एकदाही आठवले नव्हते.

"मला राग हाय तुमचा," सिंधूवहिनी पुढे म्हणाल्या. "पण त्याचा न्हाई. नऊ वर्षं तुम्ही आला न्हाईत, त्याचा हाय. त्यांच्याबद्दल बोलायला माझ्याकडं कुणी नव्हतं. त्यांचा निम्मा जन्म तुमच्या गाडीत गेला. त्यातलं मला काय ठावं?"

मग हणमंतराव बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. जालिंदर चढणीला उतारूंना गाणी म्हणायला लावायचा ते. म्हाताऱ्यांची बोचकी घरापर्यंत पोचवायला बस थांबवायचा आणि वेळापत्रकाचा बोजवारा उडवायचा ते. सिंधूवहिनी हसल्या, रडल्या, मध्येच चहा ठेवायला विसरल्या. दुपारची बस चुकली. ते परतले तेव्हा गुलकंदच्या संध्याकाळच्या इन्सुलिनची वेळ जवळ आली होती, आणि शालन दारात उभी होती.

"दीडशे," ती म्हणाली. "दिवसभर."

उसळी लगेच गेली नाही. पट्टा पुन्हा मनगटावर चढला तशी चारची रेघ पुन्हा उठली, पण तीनशेपर्यंत पोचली नाही. पुढच्या आठवड्यात ती दोनशे चाळीसवर थांबली. हणमंतराव दर गुरुवारी तळवलीला जाऊ लागले. कधी शालनही सोबत जाई. एका दुपारी खिडकीतल्या खुर्चीत त्यांना तेच स्वप्न पडले. धुके, पिसासारखे स्टिअरिंग, झोपलेले उतारू, मागून येणारा तिकिटांचा आवाज. या वेळी त्यांनी आरशात पाहिले. जालिंदर एका म्हातारीच्या डोक्याखाली तिचेच बोचके उशीसारखे सरकवत होता. त्याने मान वर केली आणि हाताने खूण केली, चल, जाऊ दे गाडी.

ते जागे झाले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. भोंगा कधी वाजला ते कळलेच नव्हते. मनगट कोमट होते, हाताच्या तळव्याइतके.

होळीपर्यंत इन्सुलिन एका युनिटवर आले, मग अर्ध्यावर. चैत्रात डॉक्टरांनी ते बंदच केले. गुलकंद आता टाचा उचलून चालत होता आणि फणसावर चढायचा प्रयत्नही करत होता.

"याला आम्ही माघार म्हणतो," डॉक्टर म्हणाल्या. "मधुमेह मागं सरलाय, गेलेला नाही. मांजरांमध्ये होतं असं कधी कधी. वेळेवर इन्सुलिन, योग्य खाणं. तुमची उसळी थांबली याचा त्यात किती वाटा, मी सांगू शकत नाही. महिन्याला तपासायचं, तोच आहार ठेवायचा." त्यांनी हणमंतरावांच्या मनगटावरचा पट्टा सोडवला. तिथली कातडी फिकट झाली होती. "हा परत पाठवायचाय. बनवणाऱ्यांना मी सगळं लिहून कळवलं. ते म्हणतात, हा दोष आहे, पुढच्या पट्ट्यात दुरुस्त करू. माणसाकडून प्राण्याकडं काहीच जाणार नाही अशी गाळणी बसवणार आहेत."

"बरं," हणमंतराव म्हणाले.

"त्यांनी माझं मत मागितलंय. दोष म्हणू की नको, ते मला ठरवता येत नाही."

डॉक्टरांची गाडी उतारावर दिसेनाशी झाली, तरी ते अंगणात उभे होते. मनगट हलके आणि उघडे वाटत होते. आत शालन गुलकंदसाठी कोंबडीचा चुरा करत बसली होती. हणमंतराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. असे ते कधी बसत नसत. तिने वर पाहिले. तिच्या कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, गार चहा नऊ वर्षे पुन्हा गरम करून देणारे तिचे हात, हे सगळे त्यांना जणू पहिल्यांदाच दिसले.

"त्याच्या मानंत मणी हुता, म्हणून माझं फोनवर उमटलं," ते म्हणाले. "तू तर चोवीस तास हितंच हुतीस. शालन, तुझ्यात काय काय उतरलं गं?"